ओसरी आणि मोरी

ज्या प्रश्नावरून घरातील वडील माणसांचा आवाज चढतो, ज्याच्या पायी कामावरून दमून आलेल्या सुनेच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, आणि ज्याच्या उत्तरावर एका लहान जीवाचा स्वतःच्या देहाविषयीचा पहिला समज अवलंबून असतो, तो प्रश्न केवळ मोरीशी संबद्ध आहे एवढ्याच कारणास्तव छापील पानावर येऊ नये, हे मला कधीच पटलेले नाही. बालकाच्या पहिल्या पावलाचे आणि पहिल्या शब्दाचे कौतुक आपल्या वाङ्मयात उदंड आहे. परंतु 'शी लागली' हे वाक्य त्याने प्रथम उच्चारले तेव्हा घरातील माणसांनी त्याला काय उत्तर दिले, ह्याची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही. पुढील संवाद त्याच नोंदीसाठी लिहिला आहे.

संवादातील दोन्ही व्यक्ती लोणंदच्या एका घरातील आहेत. अथवा अधिक काटेकोरपणे सांगावयाचे तर एक त्या घरातील आणि दुसरी त्या घराशी सोयरिकीने जोडलेली. आबा हे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले गृहस्थ. वक्तशीर, निःस्पृह, आणि नियमाने काम केल्यास जगातील बहुतेक गोष्टी मार्गी लागतात अशा श्रद्धेचे. त्यांच्या विहीणबाई फलटणच्या; एकात्मिक बालविकास योजनेत मुख्यसेविका म्हणून त्यांनी वाड्यावस्त्यांवरील अंगणवाड्या पायी पालथ्या घातल्या, आणि त्या भागात त्यांना अद्याप सर्वजण 'बाई' असेच म्हणतात. दोघांच्या मध्ये उभा आहे तो दोघांचाही नातू, सव्वादोन वर्षांचा. त्याचे वडील औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात पाळीने कामाला जातात, आई एका पतसंस्थेत नोकरी करते. जूनमध्ये त्याला ज्या शिशुवर्गात घालावयाचे ठरले आहे तेथील अट अशी की, मुलाची डायपरची सवय सुटलेली असली पाहिजे. चैत्र संपत आला होता. बाजार समितीच्या आवाराकडे कांद्याच्या गाड्या जात होत्या, आणि जून महिना आबांना एखाद्या तारीख पडलेल्या दाव्यासारखा समोर दिसत होता.

आबा : विहीणबाई, तुम्ही आलात हे फार बरे झाले, कारण ह्या बाबतीत माझे म्हणणे ऐकून घेण्यास घरात कोणी राजी नाही. आमच्या वेळी मूल दीड वर्षाचे होते न होते तोच त्याचा लंगोट सुटत असे. माझी आई पहाटे उठून धाकट्या भावंडांना आपल्या दोन पायांवर बसवी, तोंडाने 'शू' असा आवाज करी, आणि नेमल्या वेळी नेमले काम पार पडे. त्यात मनधरणी नव्हती, बक्षीस नव्हते, चर्चा तर नव्हतीच. आता हे सव्वादोन वर्षांचे पोर कपाटामागे जाऊन डायपरमध्ये उरकते आणि मागाहून येऊन वर्दी देते. घडून गेल्यावर वर्दीचा उपयोग काय?

बाई : वर्दी घडून गेल्यावरच देतात, आबा. आणि ती त्याने दिली, हीच मला ह्या सगळ्या हकिकतीत सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. लहान मुलाला आपल्या देहाचे ज्ञान उलट्या क्रमाने होते. प्रथम त्याला कळते की, झाले. काहीतरी ओले आहे, जड आहे. त्यानंतर काही आठवड्यांनी, काही मुलांना काही महिन्यांनी, कळू लागते की, आत्ता होत आहे. तेव्हा ते खेळता खेळता थांबते, एके जागी निश्चल उभे राहते, त्याची नजर दूर कोठेतरी लागते. आणि होणार आहे हे त्याला सर्वांत शेवटी कळते. तुमचा नातू कपाटामागे जातो ह्याचा अर्थ दुसरी पायरी त्याने ओलांडली. आत काय चालले आहे ते त्याला समजते, आणि ते करण्यास आडोसा हवा हेही समजते. अशा वेळी येऊन तो 'झाली' म्हणाला, तर आपण काय म्हणावे ह्यावर पुढचे सर्व अवलंबून. तुम्ही काय म्हणालात?

आबा : काय म्हणणार? म्हणालो, 'आता सांगतोस? आधी तोंड नव्हतं का?'

बाई : आणि दुसऱ्या दिवशी?

आबा : दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले नाही.

हे उत्तर आबांनी जितक्या सरळपणे दिले तितक्याच सरळपणे पुढील हकीकतही त्यांनीच सांगितली. न सांगण्यावर प्रकरण थांबले नव्हते. मूल शी अडवून धरू लागले. पहिल्या दिवशी कोणाच्या ध्यानात आले नाही. तिसऱ्या दिवशी पोट फुगले, जेवण तुटले, आणि अखेर जे झाले ते इतके कठीण की, पोर वेदनेने किंचाळले. बालवैद्यांना हा प्रकार नित्य परिचयाचा आहे. एकदा दुखले म्हणजे मूल पुढच्या वेळी भीतीने आवळून धरते. अडवल्यामुळे आतड्यातील मळातले पाणी शोषले जाऊन तो अधिक कठीण होतो. कठीण झाल्यामुळे पुन्हा दुखते, आणि पुन्हा दुखल्यामुळे भीती बळावते. पाय एकमेकांवर घट्ट दाबून, चवड्यांवर उभे राहून, लालबुंद होणारे मूल शी करण्यासाठी जोर लावीत आहे असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा ते ती थोपवून धरण्यासाठी झटत असते. त्याच क्षणी घरातील सर्व मंडळी भोवती जमून 'जोर लाव, जोर लाव' असा घोष करीत असली, तर त्या बिचाऱ्याच्या मनाची काय अवस्था होत असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. डॉक्टरांनी मळ मऊ होण्याचे औषध दिले, दुधाचे पेले कमी करून पाणी, फळे आणि भाजी वाढविण्यास सांगितले, आणि दुखणे पूर्ण थांबेपर्यंत शिकवणी तहकूब ठेवण्याचा सल्ला दिला. हा सल्ला ऐकूनच आबा अस्वस्थ झाले होते. कारण जूनची मुदत कोणी तहकूब केली नव्हती.

आबा : औषधाविषयी माझी तक्रार नाही. माझा प्रश्न धाकाविषयी आहे. आपल्या तालुक्यात ग्रामस्वच्छता अभियान आले तेव्हा तुम्ही आम्ही दोघेही नोकरीत होतो. संत गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ साली आर. आर. पाटलांनी ते अभियान सुरू केले, आणि पुढे हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत पहाटे साडेचारला उठून गुड मॉर्निंग पथकाबरोबर गावाच्या वेशीवर आम्ही उभे राहिलो. हातात टमरेल घेतलेल्या मोठमोठ्या पुढाऱ्यांना आम्ही गुलाबाचे फूल दिले आणि ती मंडळी लाजेने अर्धी झाली. ह्या लाजेने गावे स्वच्छ झाली की नाही? मग जे पंचक्रोशीला लागू पडले ते घरातल्या पोराला का लागू पडू नये?

बाई : त्या पथकात मीही होते, आबा, आणि तुम्ही जे विसरता ते माझ्या स्मरणात आहे. ज्या माणसाच्या घरी बांधलेला संडास होता आणि त्यात त्याने जळण भरून ठेवले होते, तो आपल्या फुलाने लाजला आणि सुधारला. परंतु ज्या बाईच्या घरी संडासाला जागाच नव्हती, ती आपल्याला पाहून अंधारात आणखी दूर, ओढ्याच्या पलीकडे जाऊ लागली. तिची अडचण सुटली नाही, केवळ आपल्या नजरेआड झाली. लाज त्याच माणसाला सुधारते ज्याच्या हाती दुसरे काही करणे असते. सव्वादोन वर्षांच्या मुलाच्या हाती ते नसते. अजून त्याचा ताबा पुरता बसलेला नाही, बसत आहे. त्याला तुम्ही 'घाणेरडा' म्हणालात, शेजारच्या वाटाण्याएवढ्या पोरीशी त्याची तुलना केलीत, पाहुण्यांसमोर त्याची ओली चड्डी दाखवलीत, तर तो ओढ्यापलीकडे जाणार. लहान मुलाचा ओढा म्हणजे कपाटामागची जागा. आणि तीही तुम्ही बंद केलीत, म्हणून त्याने ते पोटातच ठेवले.

येथे आबा काही वेळ बोलले नाहीत. मला वाटते, युक्तिवादापेक्षा ते त्या ओढ्यापलीकडच्या बाईच्या आठवणीने अधिक हलले; कारण त्या मोहिमेतील फेऱ्यांत त्यांनीही तिच्यासारख्या पुष्कळजणी पाहिल्या होत्या. तथापि मुद्दा सोडणाऱ्यांपैकी ते नव्हेत, आणि त्यांनी पुढे जो मुद्दा मांडला तो, माझ्या मते, ह्या संपूर्ण संवादातील सर्वांत महत्त्वाचा होता.

आबा : धाक बाजूला ठेवू. पण वेळेचा नेम? नीरा उजव्या कालव्याचे आवर्तन ठरल्या तारखेला सुटते म्हणून खालच्या शेतकऱ्याला भरवसा असतो. शरीरालाही तसा नेम लावावा लागतो. मुलाला वाटेल तेव्हा, मुलाची इच्छा होईल तेव्हा, असे म्हणत बसलो तर तो चौथे वर्ष ओलांडील. आमच्या आईने इच्छा विचारली नव्हती.

बाई : कालव्याच्या दाराची किल्ली पाटबंधारे खात्याकडे असते, आबा, ह्या दाराची किल्ली मुलाकडे आहे आणि ती दुसऱ्या कोणाला घेता येत नाही. जेवण भरवता येते, अंग धुता येते, झोपेसाठी थोपटता येते. पण हे एक काम असे आहे की, जे दुसऱ्याने करवून घेता येत नाही. राहता राहिली तुमच्या आईची गोष्ट. तुम्ही ती ओसरीवरून पाहिलीत. मागच्या दारी काय चालले होते ते तुम्हाला ठाऊक नाही.

आबा : म्हणजे?

बाई : तुमच्या आई त्या मुलाला पायांवर घेऊन बसत, तेव्हा त्यांची नजर कोठे असे? मुलाच्या तोंडाकडे. त्याने अंगठा आवळला, कपाळाला आठी घातली, हुंकार दिला, की त्याही तसाच हुंकार देत. 'शू' म्हणत त्या आज्ञेच्या स्वरात नव्हे. त्या आवाजाने मुलाचे अंग सैल पडे. मूल झोपेतून उठल्यावर, अंगावर पाजल्यावर किती वेळाने त्याला होते, हे त्यांनी पहिल्या महिन्यापासून पाहून ठेवले होते. तुम्हाला जो नेम दिसला तो त्यांनी मुलावर लादलेला नव्हता. मुलाचा नेम त्यांनी शोधून काढला होता, आणि त्यावर आपले दिवसभराचे काम बेतले होते. ते बोलणेच होते, आबा. मुलाला शब्द फुटण्याच्या आधीपासून चाललेले.

बाईंच्या ह्या विधानाला जगाच्या दुसऱ्या टोकाकडून जो दुजोरा मिळतो तो येथे नमूद करणे अवश्य आहे. १९७७ साली अमेरिकेतील बालवैद्यांच्या एका प्रमुख मासिकात डव्रीज दांपत्याने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील डिगो जमातीच्या मातांचे वर्णन प्रसिद्ध केले. ह्या माता बाळ काही आठवड्यांचे असतानाच त्याला आपल्या पसरलेल्या पायांमध्ये धरून बसतात, आपल्याकडील 'शू'शी विलक्षण साम्य असलेला आवाज तोंडाने काढतात, आणि बाळाने प्रतिसाद दिला की त्याला जवळ घेतात. पाच-सहा महिन्यांत ती बाळे बव्हंशी कोरडी राहू लागतात. शिक्षा त्यात कोठेही नाही. ज्या पद्धतीला आबा शिस्त म्हणतात आणि ज्या पद्धतीला आजची तरुण पिढी अडाणी जुलूम म्हणते, ती मुळात सान्निध्याची पद्धती होती. आणि तिचा सारा आधार असा की, एक स्त्री दिवसाचे आठही प्रहर त्या मुलाच्या स्पर्शकक्षेत असे.

उलटपक्षी, जुलमाची पद्धती खरोखर कोठे होती असे विचाराल, तर ती सुधारलेल्या पश्चिमेत होती. अमेरिकन सरकारच्या बालकल्याण खात्याने १९३० च्या सुमारास मातांसाठी छापलेल्या पुस्तिकांत मुलाला पहिल्या काही महिन्यांतच, घड्याळाच्या काट्याबरहुकूम, दररोज त्याच मिनिटाला भांड्यावर बसविण्याचा उपदेश होता. मुलाच्या मुद्रेकडे पाहण्याचा नव्हता. त्याचे परिणाम डॉक्टरांकडे येऊ लागले, आणि मग १९६२ साली ब्राझेल्टन नावाच्या बालवैद्याने आपल्या दहा वर्षांच्या व्यवसायातील ११७० मुलांच्या नोंदी मांडून उलट मार्ग दाखविला: मूल चालू लागले, बसू लागले, साधे सांगणे समजू लागले, मोठ्यांचे अनुकरण करू लागले, म्हणजे हळूहळू आरंभ करावा, आणि ते बिथरले तर थांबावे. त्याच्या नोंदींतील मुले सरासरीने अठ्ठावीस महिन्यांच्या आसपास दिवसा कोरडी राहू लागली. बाईंचा नातू त्या वेळी सत्तावीस महिन्यांचा होता. तेव्हा तो मागे पडला आहे, हा आबांचा समज निराधार होता. परंतु आज ज्या मुलाच्या जवळ आठही प्रहर कोणी नाही, त्याच्या बाबतीत सान्निध्याची उणीव शब्दांनी भरून काढावी लागते, आणि ते शब्द कोणते, हा प्रश्न उरतोच. आबांनीही पुढे तोच विचारला, आणि त्यांच्या स्वरात आता वाद नव्हता.

आबा : बरे, मग मी काय म्हणावे? मी तर दर अर्ध्या तासाने विचारतो, 'शू आली का?' तो नाही म्हणतो, आणि दोन मिनिटांत सतरंजी भिजवतो. हे खोटे बोलणे नव्हे?

बाई : खोटे बोलणे नव्हे. ह्या वयाच्या मुलाला काहीही विचारले तर पहिले उत्तर 'नाही' असते. आणि खेळात रमलेला असताना त्याला खरोखरच कळलेले नसते. म्हणून विचारू नका, सांगा. 'चल, जेवायच्या आधी आपण शू करून येऊ.' झोपून उठल्यावर, बाहेर निघताना, अंघोळीच्या आधी. तुमचा नेम इथे उपयोगी पडतो, आबा, आणि तो मला हवाच आहे. पण दोन-तीन मिनिटे बसला आणि काही झाले नाही, तर 'आत्ता नाही आली वाटतं, नंतर बघू' म्हणून उठवायचे. बसवून धरायचे नाही. निवड द्यायची ती बसण्यातली द्या, बसावे की नाही ह्यातली नको: 'लाल भांड्यावर बसतोस की मोरीत?' 'आधी तू बसतोस, की तुझ्या अस्वलाला बसवू या?'

आबा : आणि सांडले तर?

बाई : जे झाले तेवढेच बोलायचे. 'चड्डी ओली झाली. चल, कोरडी घालू.' चड्डी काढायला, बादलीत टाकायला त्याचाही हात लावायचा, आणि तो शिक्षा म्हणून नव्हे. नाक मुरडायचे नाही. धुताना आपला चेहरा कसा आहे ते मूल अगदी जवळून पाहात असते. तोंडाने गोड बोललो आणि नाकाला पदर लावला, तर त्याला पदरच समजतो. आणि उशिरा सांगितले तरी म्हणायचे, 'सांगितलंस, बरं केलंस. पुढच्या वेळी पोटात कळ आली ना, की आबांना हाक मार.' त्या कळेला नाव द्या. त्याला ती येते, पण ती कशाची आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कपाटामागे निघालेला दिसला तर ओढून आणू नका. 'पोटात कळ आली वाटतं. डायपर घालूनच भांड्यावर बसतोस का?' एवढेच विचारा. आठ दिवस तसाच बसू द्या. मग एक दिवस डायपर सैल करा.

आबा : झाल्यावर शाबासकी?

बाई : द्या, पण पंचक्रोशीला दवंडी नको. काल त्याने एकदा भांड्यात शू केली, तर घरातल्या पाचजणांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावला. मूल आनंदले, आणि घाबरलेही. कारण उद्या नाही झाली तर त्या पाचजणांचे तोंड पडणार, हे त्याला कळते. 'झाली ना? हलकं वाटतंय ना आता?' एवढे पुरे. हलके वाटले ते त्याला. बक्षीस तेच आहे.

ह्यानंतर बोलणे बसण्याच्या रीतीकडे वळले, आणि तेथे आबांचे पारडे निःसंशय जड ठरले. नव्या बांधकामात कमोड बसविला आहे. त्यावर लहान मुलासाठी वरून ठेवावयाची बैठक आणली आहे. आणि त्या उंच आसनावर पाय अधांतरी लोंबकळत ठेवून मुलाने शी करावी अशी घरच्यांची अपेक्षा होती. आबा म्हणाले की, उकिडवे बसल्याखेरीज पोट साफ होत नाही, हे सांगण्यास डॉक्टर कशाला हवा? त्यांचे म्हणणे शरीररचनेच्या दृष्टीने यथार्थ आहे: उकिडवे बसल्याने गुदमार्गाला वेढणारा स्नायू सैल पडतो आणि मार्ग सरळ होतो, पाय टेकलेले नसले तर जोरही लागत नाही आणि पडण्याची भीती मात्र वाटत राहते. बाईंनी हे तत्काळ मान्य केले, आणि कमोडचा नाद सोडून जमिनीलगतचे भांडे आणावे, अथवा पायांखाली जेवणाचा पाट द्यावा, असे ठरले. भारतीय पद्धतीच्या संडासाचे भोक मुलाला आपण आत पडू असे वाटण्याइतके मोठे दिसते, त्यात अंधार असतो, आणि बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज त्याच्या कानाला गर्जनेसारखा लागतो. म्हणून तेथे नेण्याची घाई करू नये, आणि त्याने केलेली शी त्याच्यादेखत झटक्यात ओतून टाकू नये, हेही बाईंनी सांगितले. ती काही क्षणांपूर्वी त्याच्या देहाचा भाग होती. तिला निरोप देण्यास त्याला थोडा अवधी लागतो.

आबा : एका गोष्टीत मात्र मी माघार घेणार नाही. हे डायपर. ओले झाले तरी कोरडे लागते, मग पोराला कळायचे कसे? आणि दिवसभर घालून ठेवतात. आम्ही ह्याबद्दल बोललो की सूनबाईंना राग येतो.

बाई : माघार घेऊ नका, कारण ह्यात तुमचे बरोबर आहे. दिवसभराचे डायपर मुलाला त्याच्या अंगाची बातमी लागू देत नाही. घरात असेल तेवढा वेळ ते काढा. उन्हाळा आहे, साधी सुती चड्डी घाला, दिवसाला आठ भिजल्या तरी तासाभरात वाळतात. पण आबा, त्या आठ चड्ड्या धुणार कोण, हे आधी ठरवा. माझी मुलगी सकाळी नऊला घराबाहेर पडते आणि सायंकाळी सहाला येते. तिने डायपर घातला तो आळसाने नव्हे. घरात तो बदलणारे दुसरे कोणी नव्हते म्हणून. मी तिची आई आहे म्हणून हे म्हणत नाही. अंगणवाडीत मी सेविकांनाही हेच सांगत असे की, मुलाविषयीची प्रत्येक सूचना आईच्या नावाने काढू नका.

हे वाक्य बाईंनी आवाज न चढवता उच्चारले. तरी संवादातील सर्वांत कठोर वाक्य तेच होते, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. आपल्या घरांतून मुलाच्या शूशीचा जमाखर्च एकट्या आईच्या खात्यावर मांडण्याची जी वहिवाट आहे, तिच्यामुळे आई थकते, घाईला येते, आणि मग जो अधीर स्वर मुलाच्या कानी पडतो तो वस्तुतः तिचा नसून घरातील इतर सर्वांच्या अलिप्ततेचा असतो. आबांनी दुपारच्या चड्ड्यांचे काम आपल्याकडे घेतले. मुलाच्या वडिलांना रात्रपाळी नसेल त्या सकाळी भांड्याजवळ बसण्याचे काम नेमून देण्यात आले.

रात्रीविषयी फारशी चर्चा झाली नाही, आणि ती व्हावी असेही काही नव्हते. रात्रीचा कोरडेपणा शिकवून येत नाही. तो मुलाच्या वाढीबरोबर येतो, आणि पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले झाले तर त्यात काळजीचे कारण नाही. झोपमोड करून रागे भरण्यापेक्षा अंथरुणाखाली रबरी कापड घालावे.

आबा : आणि शाळेची अट? जूनपर्यंत झाले नाही तर?

बाई : तर आपण त्यांना तसे सांगू. तीन वर्षेही पुरी न झालेल्या मुलाला ह्या अटीवर दाराबाहेर ठेवणारी शाळा मुलांची शाळा नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम आरंभले, तेव्हा पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हा त्या शिक्षणाचाच भाग होता. अंगणवाडी हा शब्द आम्हाला तिथून मिळाला, आणि १९७५ पासून सरकारी योजनेत सेविकेबरोबर मदतनीस असते ती ह्याच कामांसाठी. माझ्या अंगणवाड्यांत पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला आधी मोरी दाखवीत. पाणी कुठे, चड्डीची नाडी कोण सोडणार, हाक कोणाला मारायची. गाणी दुसऱ्या दिवशी. मूल शाळेत चड्डी ओली करते ते बहुतेक वेळा येत नाही म्हणून नव्हे, तर नव्या बाईला कसे सांगावे हे कळत नाही म्हणून. तेव्हा त्याला एक असे वाक्य शिकवा की जे परक्या माणसालाही कळेल. आणि शाळेतल्या बाईंनाही आपण सांगून ठेवू की, हा गप्प उभा राहिला की त्याला घेऊन जा.

आबा : जून झाला की लगोलग माउलींची पालखी येते. नीरेला पादुकांचे स्नान झाले की सारा वैष्णवमेळा आपल्या गावात उतरतो, आणि तिथीप्रमाणे मुक्काम एक दिवसाहून अधिकही पडतो. आमच्याकडे दरसाल एक दिंडी असते. ओसरीपासून माजघरापर्यंत पाऊल ठेवायला जागा नसते, मोरीपुढे रांग लागते. त्या गर्दीत हे सारे शिकवलेले वाहून जाईल.

बाई : काही दिवस जाईलही. घरात नवी माणसे आली, गावाला गेलो, ताप आला, धाकटे भावंड झाले, की मूल शिकलेले सोडते. महिन्याभराने पुन्हा उचलते. तेवढ्यावरून 'एवढं शिकवलं आणि पुन्हा तेच' असे त्याला ऐकवायचे नाही. पण थोडी तजवीज आधी करता येईल. त्याचे भांडे रांगेच्या मोरीत ठेवू नका. मागच्या खोलीत, दाराआड, त्याच्या ओळखीच्या जागी ठेवा आणि आठवडाभर आधीपासून तिथेच बसवा. दिंडीतल्या म्हाताऱ्या आजी त्याला मांडीवर घेतील, खाऊ देतील. पाणी मात्र आठवणीने पाजत राहा, नाहीतर पुन्हा खडा धरेल. आणि त्या दोन दिवसांत त्याने कोणाला सांगायचे, हे एकच माणूस ठरवा. त्याची आई स्वयंपाकात असेल, त्याचे वडील पंगतीत वाढत असतील. ते माणूस तुम्ही व्हा.

आबा : मी ओसरीवर बसलेला असेन, विहीणबाई. विणेकरी समोर असतील, गावातली चार वडील मंडळी असतील, आणि ह्याने सर्वांदेखत येऊन मोठ्याने सांगितले, 'आबा, शी आली', तर?

बाई : तर लगेच उठायचे. 'गप्प बस' म्हणायचे नाही, हसायचे नाही, आईकडे बोट दाखवायचे नाही. विणेकऱ्यांना हात जोडायचे, 'आलोच' म्हणायचे, आणि त्याचे बोट धरून मागच्या खोलीत जायचे. त्याला पोहोचेपर्यंत दम निघणार नाही, तेव्हा वाटेत चप्पल शोधत थांबू नका.